होल्डनचं न फिटलेलं सुतक

विचारणारी विद्यार्थिनी इंग्रजी साहित्य घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा प्रश्न असा: जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ आम्हाला अभ्यासाला आहे. ‘पौगंडावस्थेतील परात्मता आणि निरागसतेचा लोप’ यावर मोठा प्रश्न हमखास येतो. गाइडमध्ये दिलंय की गोष्ट सांगणारा सोळा-सतरा वर्षांचा होल्डन हा ढोंगी समाजाविरुद्ध बंड करणारा नायक आहे. पण मॅडम, मला तो श्रीमंत घरातला, लाडावलेला आणि सतत कुरकुरणारा मुलगा वाटला. त्याची कणव का यावी? आणि त्याची निरागसता नेमकी कुठल्या प्रसंगात हरवते?

तुझा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो सुटला की पहिलाही बराचसा सुटतो.

एकोणतीस वर्षं मी ही कादंबरी शिकवली. या प्रश्नाची उत्तरं उत्तरपत्रिकांमध्ये ठरलेली असतात. कुणी लिहितं, हॉटेलच्या खोलीवर पैसे देऊन बोलावलेली मुलगी येते तेव्हा. कुणी लिहितं, जुने शिक्षक अँटोलिनी सर यांच्या घरी मध्यरात्री त्याला दचकून जाग येते तेव्हा. कुणी शाळेच्या भिंतीवर खरडलेल्या शिवीपाशी थांबतं. सुरुवातीची काही वर्षं मीही असंच शिकवलं. आज माझं मत असं आहे की यातल्या एकाही प्रसंगात होल्डनची निरागसता हरवत नाही. आपण पहिलं पान उघडतो तेव्हा ती हरवून साडेतीन वर्षं होत आलेली असतात. तारीखही पुस्तकातच दिली आहे: १८ जुलै १९४६. त्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ अ‍ॅली रक्ताच्या कर्करोगानं गेला. अ‍ॅली अकरा वर्षांचा होता, होल्डन तेरा.

ही गोष्ट पाचव्या प्रकरणात कळते, तीही आडवाटेनं. होल्डन पेनसिल्व्हेनियातल्या पेन्सी नावाच्या निवासी शाळेत आहे. पाचपैकी चार विषयांत नापास झाल्यामुळे त्याला शाळेतून काढलंय. पुढे तो घरी न कळवता शाळा सोडतो आणि न्यूयॉर्कमध्ये एकटा भटकतो, तीच या कादंबरीची गोष्ट. त्याच्याच खोलीत राहणारा स्ट्रॅडलेटर त्याला गळ घालतो, माझ्या नावावर खपवायला एक निबंध लिहून दे. एखाद्या खोलीचं, घराचं, कशाचंही वर्णन चालेल. होल्डन लिहायला बसतो आणि लिहितो अ‍ॅलीच्या बेसबॉलच्या हातमोज्याबद्दल. अ‍ॅली डावखुरा, त्याचा तो मोजा. त्याच्या बोटांवर, पंज्यावर, मिळेल त्या जागेत अ‍ॅलीनं हिरव्या शाईनं कविता उतरवून ठेवल्या होत्या. मैदानात उभं असताना समोर फलंदाज आलेला नसेल, तर तेवढ्या वेळात वाचायला काहीतरी हवं म्हणून. अ‍ॅली गेला, मोजा होल्डनच्या बॅगेत राहिला. स्ट्रॅडलेटर परत येतो, निबंध बघतो आणि वैतागतो: तुला खोलीचं वर्णन सांगितलं होतं, हे काय भलतंच लिहिलंस? होल्डन त्याच्याकडून कागद घेतो आणि फाडून टाकतो.

इथे थांब आणि नीट बघ. तीन वर्षांत त्यानं पहिल्यांदा भावाबद्दल कागदावर काही उतरवलं, आणि समोरच्यानं ते ‘विषयाला सोडून आहे’ म्हणून परत केलं.

त्याच प्रकरणात तो सांगतो, अ‍ॅली गेला त्या रात्री मी गॅरेजमध्ये झोपलो आणि तिथल्या सगळ्या खिडक्यांच्या काचा मुठीनं फोडल्या. गाडीच्याही काचा फोडायला निघाला होता, पण तोवर हात मोडला होता. अजूनही त्याला घट्ट मूठ वळता येत नाही. आणि एक बारीक वाक्य आहे, जे सगळे वाचतात आणि कुणी लिहित नाही: पाऊस आला की तो हात कधीकधी दुखतो. ‘पाऊस’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मार. त्याच्याकडे परत यायचंय.

आणखी एक गोष्ट फार पुढे, विसाव्या प्रकरणात, दारूच्या अमलाखाली तोंडातून निसटते. अ‍ॅलीच्या अंत्यसंस्काराला होल्डन नव्हता. हात मोडला म्हणून तो दवाखान्यात होता. अंत्यसंस्काराच्या वेळी काय झालं ते मोठ्या भावानं, डी. बी.नं, नंतर सांगितलं. नात्यातली एक बाई म्हणे सारखी म्हणत होती, किती शांत झोपलाय बघा.

आपल्याकडे माणूस गेलं की घराला सुतक येतं. दहावा होतो, तेरावा होतो. लोक येऊन बसतात, गेलेल्या माणसाच्या त्याच त्या आठवणी दहादा काढतात, रडतात, मध्येच एखादी त्याची खोडी आठवून हसतातही. मग एक दिवस सुतक फिटतं. दुःख फिटत नाही, पण घर पुन्हा कामाला लागतं. होल्डनचं सुतक फिटलेलंच नाही. त्याला तुम्ही परात्म म्हणा, विक्षिप्त म्हणा, बंडखोर म्हणा. मला तो तीन वर्षं एकट्यानं सुतक धरून बसलेला मुलगा दिसतो.

हे मला पुस्तकानं एकट्यानं शिकवलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी वर्गात तो मोज्याचा उतारा वाचून झाला. मागच्या बाकावर बसणारा, वर्षभरात तोंडातून शब्द न काढलेला एक मुलगा तास संपल्यावर टेबलाशी येऊन उभा राहिला. तो म्हणाला, “मॅडम, आमच्या घरी माझ्या धाकट्या भावाचं दप्तर अजून खुंटीला आहे.” भाऊ विहिरीत बुडून गेला होता. याला तेव्हा आठ दिवस मावशीकडे पाठवलं होतं, लहान आहे, घाबरेल म्हणून. परत आला तर घर सारवलेलं, सगळं जागच्या जागी. “तेव्हापासून त्याचं नाव आमच्याकडे कुणी काढत नाही,” एवढं बोलून तो गेला. त्या वर्षीपासून मी ही कादंबरी वेगळी शिकवायला लागले. आणि हेही मान्य करायला हवं की सुतक पाळणाऱ्या घरांमध्येसुद्धा मुलांना त्यातून बाजूला काढलं जातं. मोठ्यांचं सुतक फिटतं, पोरांचं राहून जातं.

आता शब्दांकडे येऊ, कारण गाइडनं तुझा घोटाळा शब्दांमध्येच केला आहे. ‘परात्मता’ हा समीक्षेतला जड शब्द आहे. माणूस समाजालाच नव्हे, स्वतःलाही परका होतो, असा त्याचा अर्थ. परीक्षेत तो वापर, पण मनाशी ‘तुटलेपण’ म्हण. तुटलेपण म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कशापासून तुटला? गाइडला हा प्रश्न पडलेलाच नाही.

‘निरागस’ या शब्दाची फोड कर. संस्कृतात आगस् म्हणजे अपराध, पाप. निरागस म्हणजे ज्याच्या माथी अपराध नाही असा. आपण मात्र हा शब्द ‘अजाण’ या अर्थानं वापरतो, ज्याला अजून काही कळत नाही असा. या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अजाणपण जातं ते जगाची माहिती झाली की. निरागसपण जातं ते आपल्या हातून काही घडलं, किंवा घडायला हवं होतं ते राहिलं, हे मनाला लागलं की. होल्डनचं अजाणपण न्यूयॉर्कमध्ये थोडंफार जातं, ते खरं आहे. पण निरागसपण कधी गेलं हे बघायचं तर चौदावं प्रकरण काढ. रात्र सरत आलेली, हॉटेलची खोली, तो एकटा. आणि तो अ‍ॅलीशी मोठ्यानं बोलायला लागतो: घरी जा, सायकल घे आणि बॉबीच्या घरासमोर ये, चटकन. असं का? तर अमेरिकेतल्या मेन या राज्यात असताना होल्डन आणि त्याचा मित्र बॉबी फॅलन सायकलवरून तळ्याकडे निघाले होते, बरोबर डबा आणि छऱ्यांची बंदूक. अ‍ॅलीला यायचं होतं. होल्डन म्हणाला, तू लहान आहेस. अ‍ॅली रुसलासुद्धा नाही. एरवी होल्डन त्याला बरोबर न्यायचाच, तो एक दिवस नेलं नाही. म्हणून आता फार उदास वाटलं की तो मेलेल्या भावाला सायकल काढायला सांगतो.

हा त्याचा आगस्. कुठलंही न्यायालय याला अपराध म्हणणार नाही, पण धाकटं भावंड गमावलेल्या कुणालाही विचार, त्याच्याकडे असा एक दिवस असतोच.

मग ‘फोनी’ या शब्दाचं काय? तो पानोपानी येतो, आणि बंडखोर नायकाचा सगळा सिद्धांत त्या एका शब्दावर उभा आहे. मराठीत मी त्याला ‘ढोंगी’ म्हणत नाही, ‘बेगडी’ म्हणते. ढोंग्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं, बेगड मात्र नुसती चमकते. होल्डन कुणाकुणाला बेगडी म्हणतो ते तपासून बघ. तो पेन्सीत ज्या इमारतीत राहतो तिला ओसेनबर्गर नावाच्या देणगीदाराचं नाव दिलंय. हा माणूस श्रीमंत कशावर झाला? प्रेतांच्या अंत्यसंस्काराच्या धंद्यावर. स्वस्तात माणूस पुरून देणारी दुकानं त्यानं देशभर काढली. होल्डन म्हणतो, हा बहुधा प्रेतं पोत्यात घालून नदीत ढकलत असेल. वर्गात या वाक्यावर पोरं हसतात. पण ज्याचा भाऊ मातीत आहे तो मुलगा अशा माणसाच्या नावाच्या इमारतीत झोपतोय. आणि ती ‘किती शांत झोपलाय’ म्हणणारी बाई आठव. ज्या ज्या ठिकाणी मरणावर गोड बोलून पडदा टाकला जातो तिथे होल्डनचा संताप होतो. बाकीचे बेगडी लोक, नट, पियानोवाले, शाळेचे मुख्याध्यापक, हे त्या संतापाच्या वाटेत येऊन सापडलेले आहेत. याला बंड म्हणायचं तर म्हण, पण त्याचं मूळ समाजशास्त्रात शोधू नकोस.

आता नावाकडे. हा भाग परीक्षकालाही आवडतो आणि मलाही.

आधी एक साधी चूक टाळ. ‘राय’ म्हणजे आपली राई नव्हे. दरवर्षी दोनचार उत्तरपत्रिकांत मोहरीचं शेत येतं. राय हे गव्हाच्या जातीचं उंच वाढणारं धान्य आहे. डोळ्यांसमोर चित्र आणायचं तर निसवलेली ज्वारी आण. तिच्यात शिरलेलं पोर बाहेरून दिसत नाही आणि पोरालाही बाहेरचं काही दिसत नाही. होल्डनचं स्वप्न असं: अशा शेतात हजारो मुलं खेळतायत, मोठं माणूस कुणी नाही, आणि शेताच्या टोकाला कडा आहे. तो कड्यापाशी उभा राहून पडणाऱ्या मुलांना झेलणार. दुसरं काही व्हायचं नाही त्याला.

हे स्वप्न एका गाण्यावर उभं आहे, आणि गाणं त्यानं चुकीचं ऐकलंय. ते स्कॉटलंडचे कवी रॉबर्ट बर्न्स यांचं. दहा वर्षांची बहीण फीबी त्याला तिथल्या तिथे सुधारते: शब्द ‘झेललं तर’ असा नाही, ‘भेटलं तर’ असा आहे. बर्न्सच्या गाण्यात शेतात दोन जण भेटतात, चुंबन घेतात आणि लोकांनी त्याचा बोभाटा कशाला करावा असं विचारतात. म्हणजे ते गाणं वयात आलेल्या माणसांचं. होल्डनच्या कानात शिरताना त्याचं मुलांना वाचवण्याचं गाणं झालं.

आपण तुकोबांच्या बाबतीत हेच केलंय. ‘लहानपण देगा देवा’ आपण बालपण परत मागायला म्हणतो, वाढदिवसाच्या शुभेच्छांत छापतो. पण पुढे वाच: ‘मुंगी साखरेचा रवा। ऐरावत रत्न थोर। त्यासी अंकुशाचा मार॥’ तुकोबा वयाबद्दल बोलतच नाहीत, ते नम्रतेबद्दल, धाकुटेपणाबद्दल बोलतायत. ज्याला जे हवं असतं ते तो गाण्यात ऐकतो, अख्ख्या समाजानंही ऐकावं इतकं. म्हणून होल्डनच्या चुकीला हसू नकोस. ती चूकच या कादंबरीचा जीव आहे.

ते गाणं त्याच्या कानावर कुठे पडलं, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. सोळावं प्रकरण, रविवारची दुपार, ब्रॉडवेकडे जाणारा रस्ता. आईवडील गप्पा मारत पुढे चाललेत. सहाएक वर्षांचा मुलगा फुटपाथ सोडून फुटपाथच्या कडेला लागून, रस्त्यावरून, सरळ रेषेत चाललाय आणि गातोय. गाड्या करकचून ब्रेक दाबतायत. आईबापांचं लक्ष नाही. होल्डनला त्यानं बरं वाटतं. कडेवरनं चालणारं पोर, आणि काही प्रकरणांनंतर कड्यावर उभा राहणारा राखणदार. कड आणि कडा हे शब्द मराठीत सख्खे आहेत. मूळ इंग्रजीत हा सांधा शब्दांत नाही, चित्रात आहे.

आणि मग तिसरी कड येते, पंचविसाव्या प्रकरणात. होल्डन फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून चाललाय. प्रत्येक चौकात फुटपाथवरून खाली पाय टाकताना त्याला वाटतं, आपण पलीकडे पोचणारच नाही, खाली खाली जात राहू आणि पुन्हा कुणाला दिसणार नाही. घामानं कपडे भिजतात. तो काय करतो? प्रत्येक कडेला अ‍ॅलीला विनवतो, मला नाहीसा होऊ देऊ नकोस. पलीकडे पोचला की त्याचे आभार मानतो. पुढच्या चौकात पुन्हा तेच.

हजारो मुलांना झेलायला निघालेला मुलगा फुटपाथवरून पडतोय, आणि त्याला झेलायला एकच जण आहे, तो मेलेला. ‘झेलणारा’ कोण हे ठरवायचं असेल तर या पानावर ठरव. आणि तो हातमोजा आठव. झेल घ्यायला मैदानात उभा राहणारा मुलगा या घरात आधी एक होऊन गेलाय.

मधल्या काही गोष्टी झरझर सांगते, उत्तरात लागतील तशा घे. सेंट्रल पार्कच्या तळ्यातली बदकं: तळं गोठलं की ती जातात कुठे, हे तो दोन टॅक्सीवाल्यांना विचारतो, हा प्रश्न बदकांबद्दलचा नाही हे तुला आता सांगायला नको. जेम्स कॅसल हा जुन्या शाळेतला मुलगा गुंड पोरांच्या छळाला कंटाळून खिडकीतून उडी मारतो, तेव्हा त्याच्या अंगात होल्डननं उसना दिलेला स्वेटर असतो. झेलण्याचं स्वप्न होल्डन सांगतो ते याची आठवण निघाल्यावर थोड्याच वेळात. नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय त्याला आवडतं, कारण काचेच्या आड कुणाला काही होत नाही. दर वेळी बदललेले फक्त आपण असतो. तिथपर्यंत चालत जाऊनही तो आत पाऊल टाकत नाही. फीबीच्या शाळेतली एक शिवी तो हातानं पुसतो. दुसरी चाकूनं कोरलेली निघते, ती पुसता येत नाही.

आता पाऊस.

विसाव्या प्रकरणात होल्डन सांगतो, आईवडिलांबरोबर तो दोनदा अ‍ॅलीच्या कबरीवर गेला असताना पाऊस आला. सगळे भेटायला आलेले लोक धावत गाड्यांत जाऊन बसले, रेडिओ लावले आणि कुठेतरी छान जेवायला निघून गेले. अ‍ॅली सोडून सगळे. तो तिथेच, अंगावर पाऊस. हे त्याला सोसत नाही.

पंचविसाव्या प्रकरणाच्या शेवटाला ये. फीबी लाकडी घोड्यांच्या गोल पाळण्यावर बसली आहे. फिरता फिरता हात लांबवून सोनेरी कडी ओढायची, असा त्या पाळण्याचा खेळ. मुलं ओणवी होतात, पडतील असं वाटतं. होल्डन बाकावर बसून बघतो आणि स्वतःशी म्हणतो, पडली तर पडू देत, त्यांना अडवायचं नाही. सगळे परीक्षक या वाक्याची वाट बघत असतात: झेलणाऱ्यानं झेलायचं सोडलं, तो मोठा झाला. बरोबरच आहे, लिही. पण त्याच्या लगेच पुढे काय होतं? धो धो पाऊस येतो. सगळे आईबाप पाळण्याच्या छपराखाली धावतात. होल्डन बाकावरून उठत नाही. चिंब भिजतो, आणि त्याच वेळी त्याला इतका आनंद होतो की रडू फुटायच्या बेतात येतं.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेव. पाऊस आला, सगळे पळाले, एक जण भिजत राहिला. पहिल्यांदा अ‍ॅली, दुसऱ्यांदा होल्डन. ज्या पावसातून सगळे पळून गेले, आणि त्यांच्याबरोबर तोही गाडीत बसून निघून गेला होता, त्या पावसात तो शेवटी भावाबरोबर थांबला. आणि थोड्याच वेळापूर्वी फीबीनं त्याच्या खिशातली लाल टोपी काढून स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर घातलेली आहे. माझ्या लेखी सुतक फिटण्याची सुरुवात तिथे होते. दुखऱ्या हातावर पाऊस पडत असताना.

तुझा पहिला प्रश्न राहिला. हो, तो श्रीमंत आहे. वडील मोठ्या कंपन्यांचे वकील, घर न्यूयॉर्कच्या महागड्या भागात, खिशात आजीनं पाठवलेले पैसे. त्याला याची लाज आहे. स्लॅगल नावाच्या मुलाबरोबर एका खोलीत राहत असताना त्याच्या स्वस्त बॅगा बघून होल्डननं आपल्या भारी बॅगा पलंगाखाली सरकवल्या, त्याला कमीपणा वाटू नये म्हणून. पैशानं त्याला गावोगावच्या शाळा मिळाल्या. ज्याच्यापाशी बसून अ‍ॅलीबद्दल बोलता येईल असं माणूस मिळालं नाही. त्यामुळे कणव येते की नाही, हे त्याच्या घराच्या पत्त्यावर ठरवू नकोस.

कुरकुरीबद्दल मात्र तुझा कान बरोबर आहे. तो सतत शेपूट जोडतो, प्रत्येक वाक्याला ‘अँड ऑल’, पुढे ‘खरं सांगायचं तर’. हे मराठीत कसं वाजतं ते ऐकायचं असेल तर भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालची ‘कोसला’ काढ. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ याच कामासाठी वापरतो. मनाला लागलेली गोष्ट सांगायची आणि लगेच ‘वगैरे’ म्हणून तिला किरकोळ करून टाकायचं. या दोन कादंबऱ्यांची तुलना नेहमी होते, आणि पांडुरंगाच्याही धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू त्या कादंबरीत आहे. पण फरक मोठा आहे. पांडुरंगाला परत जायला गाव आहे, कितीही नकोसं झालं तरी. होल्डनला परतायला जागा म्हणजे स्वतःच्याच घरात रात्री चोरासारखं शिरून गाठलेली, बहीण झोपलेली खोली.

एक गोष्ट लेखकाबद्दल, कारण ती या वाचनाला आधार देते. सॅलिंजर ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकन सैन्यात होते. त्याच उन्हाळ्यात छापून आलेल्या त्यांच्या एका कथेत होल्डन कॉलफील्ड हे नाव येतं. तिथे तो युद्धात बेपत्ता झालेला आहे आणि त्याचा भाऊ त्याच्याबद्दल बोलतोय. कादंबरी आली १९५१ च्या जुलैमध्ये. म्हणजे छापील गोष्टींमध्ये होल्डन आधी हरवलेला भाऊ होता, मग भाऊ हरवलेला मुलगा झाला. युद्ध कादंबरीतून जवळजवळ पुसलं गेलं, शोक तेवढा राहिला.

उत्तराची मांडणी करताना गाइडमधलं बंड पूर्ण टाकून देऊ नकोस, त्याला एक परिच्छेद दे. उरलेली जागा मोजा, सायकल, कड आणि पाऊस यांना दे. चार वस्तू, त्यांच्या पानांसकट. ‘परात्मता’ची व्याख्या आरंभी अर्धं पान लिहिण्याची पद्धत आहे, मी तपासताना ते अर्धं पान कधी वाचलं नाही.

आणि शेवटचं, सव्विसावं प्रकरण जरूर वाच. पान-दीड पानाचं आहे, मुलं सोडून देतात. होल्डन कॅलिफोर्नियात उपचार घेतोय. तो म्हणतो, कुणाला काही सांगू नये, सांगितलं की सगळ्यांची आठवण यायला लागते. ज्यांना दोनशे पानं नावं ठेवली त्यांचीच नावं तो घेतो: स्ट्रॅडलेटर, पेन्सीतला शेजारच्या खोलीतला अ‍ॅकली. पाच डॉलरसाठी त्याला मारणारा लिफ्टवाला मॉरिससुद्धा. त्या यादीत अ‍ॅलीचं नाव नाही. का नसावं, याचं कारण मी इतक्या वर्षांत दोनतीनदा बदललंय. तुला काय वाटतं ते लिहून मला पाठव.